आडवी दांडी

हातात कायम पाना, म्हणून सगळे त्यांना पानेमामा याच नावाने ओळखत. नळ, टाक्या, तुंबलेली गटारं यांतच त्यांचा उभा जन्म गेला होता. माणूस कामाला वाघ, पण तेवढाच हट्टी. त्यांनी जोडलेल्या नळाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. काम अर्धवट राहिलं की व्हॉल्व्हला लाल चिंधी बांधायची आणि घरमालकाला दम भरायचा, "ही चिंधी दिसली की हात खिशात घालायचे. कळलं?" भलेभले साहेबसुद्धा निमूट मान डोलवत. दुसऱ्याच्या कामाला मात्र मामांचे हात बिनदिक्कत लागत. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी हात धुता धुता तोटी खोलून बघणार! मामी म्हणत, "यांना स्वर्गात नेलं तरी आधी तिथली टाकी बघतील."

तर असे हे मामा तापाने फणफणून दवाखान्यात पडले. लघवी जवळजवळ बंद झाली होती. त्यांची एक किडनी कधीचीच सुकून गेलेली, सगळा कारभार दुसरीवर. आणि तिच्याच वाटेत खडा अडकून बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी मामींना बाजूला घेऊन सरळच सांगितलं. "आत पू साचलाय. पाठीतून नळी घालून आधी किडनी मोकळी करायची, खड्याचं नंतर बघू. उशीर झाला तर किडनी हातची जाईल. आणि जंतू रक्तात पसरले तर..." पुढचं मामींनी ऐकलंच नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मामा तेवढ्या तापातही म्हणाले, "चोकअप झालंय, एवढंच ना? मग काढा की!"

त्यांना पालथं निजवून, पाठ बधिर करून, पडद्यावर बघत बघत बाईंनी आधी सुई घातली, मग तार, मग तारेवरून बारीक नळी. मामी बाहेर बाकावर पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. मामा परत आले तेव्हा पाठीतून निघालेली नळी कमरेशी एका इवल्याशा, तीन तोंडांच्या कॉकला जोडलेली होती, आणि कॉकपुढच्या नळीतून खाली लटकवलेल्या पिशवीत गढूळ, दाट लघवी उतरत होती. एरवी बघवली नसती, पण मामींना तिच्याकडे बघूनच हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. मामांनी चहा मागितला आणि तो पाणचट आहे म्हणून कुरकुरही केली. मामींच्या जिवात जीव आला.

दुपारी मामांना पुन्हा हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, कूस दुखून ते कण्हू लागले. मामींनी पिशवीकडे पाहिलं. सकाळी रिकामी केलेली पिशवी तशीच होती. तळाशी जेमतेम चमचाभर.

"सिस्टर! अहो सिस्टर!"

सिस्टर धावत आल्या. त्या नुकत्याच ड्यूटीवर आल्या होत्या. नळी कुठे मुरगळली नाहीये, टाके जागेवर आहेत, हे बघून त्यांचा चेहरा उतरला. "आतून बुजली असेल नाहीतर सरकली असेल. बाईंना बोलावते. बहुतेक पुन्हा आत न्यावं लागेल."

"या तापात पुन्हा सुई?"

सिस्टर फोनकडे पळाल्या.

मामींनी मामांच्या अंगावरची चादर सारखी करायला उचलली आणि त्यांची नजर तिच्याखाली झाकलेल्या कॉकवर गेली. सकाळी सदरा बदलताना त्याची दांडी त्यांच्या बोटाला टोचली होती. तेव्हा ती आडवी, बाहेर आलेली होती. आता नळीला लागून सरळ होती.

"अहो, याला तुम्ही हात लावलात?"

"मग काय!" मामा दात वाजवतच म्हणाले. "दांडी आडवी ठेवून गेले होते. आडवी म्हणजे बंद. शिकाऊ पोरालासुद्धा कळतं. मी सरळ केली, वाहू दे म्हटलं मोकळं."

मामींचा हात कॉककडे गेला. बोटं दांडीला टेकलीसुद्धा. फिरवू? आणि उलटंच झालं तर? मामींनी हात मागे ओढला आणि असा टाहो फोडला की अख्खा वॉर्ड उठून बसला.

सिस्टर आल्या, मामींच्या बोटाच्या दिशेने पाहिलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "मामा, हा तुमचा घरचा नळ नाही हो! याची दांडी ज्या बाजूला, ती वाट बंद. दांडी बाजूच्या तोंडाकडे होती, औषधाने नळी धुवायच्या तोंडाकडे, म्हणून मुख्य वाट उघडी होती. तुम्ही ती किडनीकडे वळवलीत. किडनीच बंद केलीत तुम्ही!"

त्यांनी दांडी आडवी केली. क्षणभर काहीच नाही. मामी पिशवीकडे डोळे लावून उभ्या होत्या. मग नळीतून गढूळ धार सरसरत खाली आली.

मामी मामांकडे वळल्या. "जित्याची खोड..." त्या रागाने बोलून गेल्या आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला. मग हुंदका फुटला तो आवरेना.

बाईंनी येऊन सगळं तपासलं, सलाइनमधून औषध दिलं आणि मामांना चांगलं फैलावर घेतलं. "किडनी वाचली असं वाटतंय. रक्ताचा रिपोर्ट आला की पक्कं सांगते. नशीब, यांचं लक्ष गेलं." मामांनी एक अक्षर उलट काढलं नाही. मामींनी असं कधी पाहिलंच नव्हतं.

बाई गेल्यावर मामींनी कपाटातली मामांची पँट काढली. खिशात चिंधी असणार हे त्यांना ठाऊक होतं. कॉकजवळ नळीला त्यांनी ती अलगद, सैलसर बांधली.

"ही दिसली की हात खिशात घालायचे. कळलं?"

मामांनी दवाखान्याचा ढगळ सदरा चाचपला. "याला खिसाच नाही गं."

"मग माझ्या हातात द्या."

मामांनी दोन्ही हात पुढे केले. रिपोर्ट येईपर्यंत मामींनी ते सोडले नाहीत.