माहेरी पोचवलेल्या बाया

जगातल्या निम्म्या खुनांचा उलगडा नवेगाव बांध या गावी, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, माझ्या मावसाजींच्या घरी होतो, असं कुणी म्हटलं तर मी साक्ष द्यायला तयार आहे. मावसाजी म्हणजे माझ्या आईच्या मोठ्या बहिणीचे यजमान. शिकायला म्हणून मी त्यांच्याकडे राहिले आणि आमच्या घराण्यातली पहिली बी.ए., तीही इंग्रजी घेऊन, त्यांच्याच घरच्या भातावर झाले. जंगलात चौकीदारी करण्यात जन्म गेलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर भजनाला लागेल, असं गावाला वाटलं होतं. ते लागले छपरावरच्या डिशच्या छत्रीवर दिसणाऱ्या जुन्या, काळ्या-पांढऱ्या, इंग्रजी खुनाच्या पिच्चरांच्या नादाला. इंग्रजी त्यांना 'यस' आणि 'नो' एवढंच येतं, आणि त्यातही भरवशाचं 'नो'च.

घरात टीव्ही चांगला मोठा, रंगीत. त्यावर काळं-पांढरं कायले पाहता, असं मावशी विचारायची. मावसाजींचं उत्तर ठरलेलं होतं. रंगीत पिच्चरमंधी माणूस कपडे पाहते, काळ्या-पांढऱ्यात डोळे पाहते. पण ते स्वतः पाहायचे पाय. आयुष्यभर जंगलात माग काढल्यामुळे कोण कोणत्या पायावर जोर देतो, यावरून ते पहिल्या पंधरा मिनिटांत खुनी ठरवून मोकळे होत. लांब कोट घालून भर पावसात फिरणारा तो जासूस त्यांना मुळीच पटत नसे. एवढ्या पाण्यात फिरूनही त्याच्या पायाला चिखल लागत नाही, म्हणजे त्याने कधी भाताची रोवणी पाहिलेली नाही, आणि असल्या माणसाच्या हाती खुनाचा तपास देणं हीच मुळात चूक. खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर आडव्या सावल्या पडल्या की मात्र ते खूश होत. त्या मुलखातही बांबूच्या तट्ट्या विणणारे आहेत, याचं त्यांना समाधान वाटे.

आवाज ते अगदी बारीक ठेवत, कारण गोष्ट ते स्वतःच सांगत. मावशी टीव्हीकडे पाठ करून लाखोळीची डाळ निवडत बसायची आणि मावसाजी तिला झाडीबोलीत अख्खा पिच्चर ऐकवायचे. एकदा मी न राहवून म्हटलं की तो माणूस सासरा नाही, वकील आहे. मावसाजींनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "तुले परीक्षेत विचारतीन तवा सांगजो, बाई."

आता खरी गंमत. आमच्या गावची विजेची लाइन रोज पाचला दहा मिनिटं कमी असताना जायची. त्यामुळे एकाही पिच्चरचा शेवट त्या घरात कधी पोचला नाही. पडदा काळा झाला तरी मावसाजी थांबत नसत. प्रत्येक पिच्चरमध्ये एक देखणी, सिगारेट पिणारी, नवऱ्याला फसवणारी बाई असायची. तिला मावसाजी कधी फाशी देत नसत. तिचा भाऊ नवं लुगडं घेऊन यायचा, तिला एसटीत बसवायचा आणि माहेरी न्यायचा. मावशी मान हलवून सूप झटकायची आणि चहा मांडायची. अशा किती गोऱ्या बाया माहेरी गेल्या, याचा हिशेब नाही.

माझा बी.ए.चा निकाल लागला त्याच आठवड्यात एका दुपारी लाइन गेलीच नाही. मावसाजी सवयीने शेवट सांगत होते. भाऊ आला होता, लुगडं पिशवीत होतं. तेवढ्यात गोळीचा आवाज झाला आणि मावशीने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. बाई जिन्यावर आडवी पडली होती.

"हे तं मेली," मावशी म्हणाली.

"मेली कायची? निजली आहे. दगदग झाली तिले."

तेवढ्यात पडद्यावर नावांच्या पाट्या सुरू झाल्या. मावशी सूप घेऊन आत गेली. पुढचे तीन दिवस तिने दुपारची डाळ चुलीपाशी निवडली आणि मावसाजी टीव्ही न लावता तलावाच्या पाळीवर फिरत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी मला आत पाठवलं, कारण इंग्रजीची पदवी घरात होती. मी मावशीला समजावलं की त्या पिच्चरांत शेवटी बाई मारायचीच पद्धत असते, मावसाजींनी आपल्या मनाने सगळ्यांना वाचवलं.

"ते मले पहिलेपासून माहीत आहे," मावशी म्हणाली. "पण एवढ्या बाया पोचवल्या यांनी माहेरी. मले काऊन नाही पोचवलं?"

मावशीचं माहेर सालेकशाकडे, कचारगडच्या अलीकडे. सहा वर्षांत ती तिकडे गेली नव्हती. कधी रोवणी, कधी कापणी, कधी गाय व्यायची. आणि त्या कारणांच्या यादीत माझ्या परीक्षाही होत्या, हे मला त्या दिवशी चुलीपाशी बसल्यावर कळलं.

मावसाजी दाराआड उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः पिशवी उचलली. पिशवीत नवं लुगडं होतं. मावशीला तिच्या भावाच्या दारात सोडून संध्याकाळी एकटेच परत आले. पंधरा दिवस राहीन, असं तिने सांगितलं होतं.

पाचव्या दुपारी त्यांनी पुन्हा टीव्ही लावला. मी शेजारी बसले तर म्हणाले की तुला समजते, तुला सांगून काय फायदा. पाचला दहा मिनिटं कमी होती आणि लाइन शाबूत होती. त्यांनी उठून बटण बंद केलं आणि मावशीला फोन लावला. लाइन गेली म्हणून सांगितलं, मग पहिल्यापासून सगळा पिच्चर सांगितला, कोट, पाऊस, चिखल न लागलेले पाय. तिकडून मावशीने विचारलं असावं, त्या बाईचं पुढं काय झालं.

"ते माहेरीच आहे," मावसाजी म्हणाले. "पण तिचा नवरा उद्याच्या पहिल्या एसटीनं निघून राहिला."