अकरा मान्यतांचं राष्ट्र

आमच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बत्तीस वर्षं एकच माणूस बसला. आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्राला क्रमांक. बढती दोनदा हुकली. तिसऱ्यांदा त्याने अर्जच केला नाही. आम्ही त्याला ‘राष्ट्रपती’ म्हणायचो, कारण आपल्या दोन खोल्या आणि वरची गच्ची त्याने स्वतंत्र राष्ट्र म्हणून जाहीर केली होती. प्रजा एकच: त्याची विधवा थोरली बहीण.

आम्ही पोट धरून हसलो. पण अशी घरगुती राष्ट्रं जगात पुष्कळ आहेत म्हणे. खरी सरकारं त्यांना हिंग लावून विचारत नाहीत, म्हणून ती एकमेकांनाच मान्यता देतात. आधी पत्र, मग तह, मग झेंड्यांची अदलाबदल. नऊ वर्षांत त्याने अकरा मान्यता मिळवल्या.

“ताई, नव्या देशाचं पत्र आलंय!”

“सिलिंडर पाठवतात का विचार. आपला संपलाय.”

मला मात्र तो एकदा म्हणाला होता, “ती माणसं मला ‘माननीय’ लिहितात रे.” साठीला टेकलेल्या माणसाजवळ दुसरं काही नव्हतं.

त्या अकरांतलं एक राष्ट्र दोन भावांचं. त्यांच्यात फूट पडली. बाग थोरल्याकडे, गॅरेज धाकट्याकडे, आणि खरं राष्ट्र आपलंच म्हणून दोघांनी मान्यता मागितली. अशा वेळी एकाची बाजू घ्यायची नाहीतर गप्प बसायचं, असा त्यांच्यातला रिवाज. हा पडला भिडस्त. त्याने दोघांनाही होकार कळवला आणि हाताच्या सवयीने खाली टंकलं, “प्रत माहितीसाठी: सर्व मित्रराष्ट्रे.” प्रती खरोखरच रवानाही केल्या.

आठवड्यात दोन्ही भावांनी संबंध तोडले. मग त्यांच्या बाजूच्यांनी. एकाने तर ‘दुतोंडी’ असा शब्द वापरला.

“अरे, माफी मागून टाक,” मी म्हटलं.

“सगळ्यांची मागितली. उत्तर एकाचंही नाही.”

महिनाअखेर एकच मान्यता उरली, समुद्राकाठच्या एका निवृत्त शिक्षिकेची. तिनेच त्याला सर्वांत आधी मान्यता दिली होती. मग तिचंही पत्र आलं. “माझा तुमच्यावर राग नाही. पण तुमच्याशी संबंध ठेवले तर बाकीचे मला सोडतील, आणि नवी माणसं जोडायचं माझं वय राहिलं नाही. तोडण्याचं पत्र माझ्याच्याने लिहवत नाही. तुम्हीच लिहाल का?”

त्याने लिहिलं. मी त्या संध्याकाळी त्याच्याकडे गेलो होतो. त्याने कागद माझ्यापुढे धरला.

“भाषा कडक नाही ना झाली?”

“नाही. चांगली आहे.”

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “आता कोण राहिलं?”

“कोणी नाही.”

“मग मी देते की मान्यता लिहून. आण एक कागद.” ती थट्टा करत नव्हती. तिने हात पुसून पुढे केला होता.

“तू घरातली, ताई,” तो म्हणाला. “घरातल्यांची धरत नाहीत.”

तिने हात तसाच ठेवला. त्याने पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागला. तिने वरून दोनदा हाक मारली. तो थांबला नाही.