कोमट पाणी आणि मामांचा हात

पाइप हातात आला की मॅडम आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायच्या आणि लगेच खिशातून मापाचा व्हर्नियर काढायच्या. "अंगठ्याचं ऐकू नका, भाऊ. आपल्याला पाहिजे तेच सांगतो तो."

लातूरच्या एमआयडीसीत आमचा शेतीच्या पाइपांचा कारखाना. मी शिफ्ट सुपरवायझर, त्या क्वालिटीच्या. रोज औशाहून एसटीने यायच्या. तुमच्यापैकी कुणी कारखान्यात राबलं असेल तर ठाऊक असेल, क्वालिटीचं माणूस कुणालाच आवडत नाही. आम्ही माल काढायचा आणि त्यांनी त्यातला बाजूला काढायचा.

त्या उन्हाळ्यात माल परत येऊ लागला. नायगावकडच्या शेतकऱ्यांची तक्रार एकच : जोड बसत नाही, ठोकून बसवला की पाइप तडकतो. मॅडमनी मोजलं, तर काही पाइप गोल नव्हतेच, किंचित चपटे होते. मालकांनी मशीनवरच्या मामांना धरलं. मामा कारखाना सुरू झाल्यापासून त्या मशीनवर.

"वय झालं त्यांचं. हात चालत नाही," मालक म्हणाले.

"कशावरून, सर?" मॅडमनी विचारलं.

"दिसतंय की."

"मग दिसतंय ते लिहून काढू. एक महिना द्या."

मालकांनी महिना दिला. मॅडमनी मशीनशेजारी तक्ता लावला. दर अर्ध्या तासाला पाइपची गोलाई, पाण्याचं तापमान, मशीनवर कोण, सगळं लिहायचं. खरं सांगतो, मला तो तक्ता म्हणजे डोक्याला ताप वाटायचा. चहाला जाण्याआधीच मी पुढचे चार आकडे मनाने भरून टाकायचो.

बारा-तेरा दिवसांनी त्यांनी मला टेबलाशी बोलावलं.

"भाऊ, तुमच्या शिफ्टला पाइप लई शहाणा झालाय. आकडा हलतच न्हाई."

मला वाटलं, आता मालकांकडे नेतील. त्यांनी माझे कागद गठ्ठ्यातून वेगळे केले, फाडले आणि टोपलीत टाकले. "पुन्हा पहिल्यापासून करू," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिना संपला तेव्हा कागद निम्मेच होते. त्यातून काही ठरत नव्हतं. मॅडमनी आणखी पंधरा दिवस मागितले. मालकांनी दिले नाहीत. मामांना घरी बसवलं.

मॅडम मोजत राहिल्या. आता मशीनवर दुसरा माणूस होता, आणि मीही खरे आकडे भरत होतो. हळूहळू आलेखावर चढ दिसू लागला. चपटा माल सकाळी दहानंतर निघायचा आणि दुपारी पाण्याचा टँकर आला की थांबायचा. गरम पाइप निववायला हौदातलं पाणी फिरवतात. हौद खाली गेला की उरलेलं पाणी तापतं, आणि पाइप नीट निवण्याआधीच दबतो. टँकर आम्ही रोज बघत होतो, चपटे पाइपही रोज बघत होतो. दोन्ही जोडून कुणी बघितलं नव्हतं.

मॅडम आलेख घेऊन मालकांकडे गेल्या. मी सोबत होतो.

"हौद अर्ध्याखाली गेला की मशीन हळू चालवू, सर. आणि मामांना परत बोलवा."

"मशीन हळू केल्यावर माल कोण काढणार? आणि गेलेल्या माणसाला परत आणलं की चूक आपली ठरते."

"आपलीच हाय, सर."

मालकांनी फोन उचलला आणि हातानेच आम्हाला जायला सांगितलं.

पुढे काही महिन्यांनी मशीनच्या कंपनीचे एक इंजिनिअर पुण्याहून आले. त्यांनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवून नेमकं हेच सांगितलं. मालकांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्यात हौदाला लाल रेघ मारली गेली, त्याखाली पाणी गेलं की मशीन हळू. परतीचा माल जवळजवळ थांबला. त्या दिवशी बैठकीतून बाहेर पडताना मी म्हणालो, "मॅडम, हे तर तुमचंच होतं."

"ते राहू द्या. मामांचं कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मॅडमनी नांदेडला दुसरी नोकरी बघितली.

शेवटच्या दिवशी मला म्हणाल्या, "औशापर्यंत चला." मामांचं घर तिथंच गावाच्या कडेला होतं. मामांनी आलेख उलटा धरला, मॅडमनी सरळ करून दिला.

"हे ठिपके तुम्ही मशीनवर होता तवाचे, मामा. अन् हे तुम्ही गेल्यावरचे. दोन्ही सारखेच चढतात. पाणी तापत होतं."

मामांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "म्हंजी माझा हात खराब न्हवता."

"न्हवता."

"हे मालकाला दावलं का, बाई?"

"दावलं."

"मग?"

मला राहवलं नाही. "मामा, पहिल्या महिन्यात मी खोटे आकडे भरले. म्हणून हे वेळेवर निघालं न्हाई."

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. मामींनी आणलेला चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "घ्या. निवून राहिलाय."

पुढच्या सोमवारी मॅडम नांदेडला गेल्या. आमच्याकडे आता माल चांगला गोल निघतो, पुण्याच्या त्या इंजिनिअरचं नाव अजून घेतलं जातं. मामा घरीच आहेत.