बोहनीची जांभळी साडी

इंदरगंजमधल्या त्या साडीच्या दुकानात मी शिकायला राहिलो, तेव्हा सगळे नातेवाईक हळहळले. एके काळी दरबारी कामं पाहणारं घराणं, आणि पोरगा साड्या उलगडतो! मला मात्र स्वतः दुकान चालवायचं होतं, आणि सेठजींसारखा गुरू लश्करच्या अख्ख्या बाजारात नव्हता.

काय माणूस! "क्या दिखाऊँ" असं ते गिऱ्हाइकाला कधी विचारतच नसत. बाई गादीवर टेकेपर्यंत तिच्याकडे बघायचे, एकच साडी पुढे टाकायचे, आणि बाई तीच घेऊन जायची. मी तोंडात बोट घालून बघत राहायचो. निर्दयही तितकेच. एका जुन्या सेल्समनने मेहुणीला भाव उतरवून दिला, तर त्याच दुपारी त्याला घरी बसवलं. मला म्हणाले, "रिश्तेदारी जूतों के साथ बाहर उतार के आया करो।"

शहराच्या दुसऱ्या भागात, हजीऱ्याला, त्यांचं दुसरं दुकान निघत होतं. तिथे मला बसवायचं की त्यांच्या भाच्याला, एवढंच ठरायचं होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच एका सकाळी आई आली. ताईच्या लग्नात नेसायला तिला साडी हवी होती. गर्दी नको म्हणून दुकान उघडताच आली बिचारी. पण बोहनी व्हायची होती, आणि दिवसाचं ते पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, हा सेठजींचा कायदा.

सेठजींनी फक्त कपाटातल्या जांभळ्या साडीकडे बघितलं. कित्येक दिवस कोणी हात न लावलेली ती साडी मी आईच्या गळ्यात मारायची होती. काय बोलायचं तेही मला ठाऊक होतं: बाबांना हा रंग आवडायचा. बाबांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. एवढ्या एका वाक्यावर तिने साडी घेतली असती.

वाक्य ओठांवर आलं, पण मी शेजारची पिवळी साडी तिच्यापुढे उलगडली. "आई, तुला ही पिवळीच शोभेल," मी म्हणालो. हजीरा हातचं गेलं, हे त्याच क्षणी कळलं.

आईने माझ्याकडे बघितलं, सेठजींकडे बघितलं, मग कपाटाकडे. पिवळी बाजूला सारली आणि जांभळी मागून घेतली. घडी उलटली.

"सेठजी, ये तो घड़ी पे फीकी पड़ गई है। कब से पड़ी है आपके यहाँ? आधे में दीजिए, नहीं तो मैं चली। बोहनी आपकी है, मेरी थोड़ी है।"

आणि उठलीसुद्धा! सेठजींना कोणी कोंडीत पकडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी अर्ध्या भावात साडी दिली, तीही स्वतःच्या हाताने बांधून.

ती गेल्यावर म्हणाले, "हजीरा तुमसे नहीं होगा। माताजी हाँ कहें तो चाबी आज भिजवा दूँ।"

चेष्टा समजून मी हसलो. ते हसत नव्हते.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, भडकेल. पोळी तव्यावर टाकत ती म्हणाली, "दुकान किती वाजता उघडायचं असतं?"

आता हजीऱ्याच्या गादीवर आई बसते, मी साड्या उलगडतो. परवा ताई आली, बोहनीच्याही आधी. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, जवळ बसवलं, चहा मागवला. मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि नजर हळूच वरच्या फळीवर नेली. तिथे एक पोपटी साडी कधीची पडून आहे.