मयालीतले भुंगे

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या घरापुढच्या छपरीतले भुंगे निघून गेले नव्हते. मी ते मारले.

माझी मोठी बहीण, आम्ही तिला बाई म्हणतो, नवऱ्यानं टाकल्यापासून आमच्याकडेच राहते. तो बाजारात जातो म्हणून निघाला आणि परतलाच नाही. पुढे कळलं, साकोलीकडे त्यानं दुसरं घर मांडलंय. बाई त्याबद्दल बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "भांडून गेला असता तं बरं झालं असतं भाऊ. काहून गेला, थे तं समजलं असतं."

छपरीच्या सागाच्या मयालीत, म्हणजे छपराखालच्या आडव्या तुळईत, काळ्या भुंग्यांनी बोट जाईल एवढी गोल भोकं पाडली होती. फाल्गुनात खाली लाकडाचा भुसा पडायचा. बाई तो झाडायची आणि झाडता झाडता वर बघून बोलायची. एक भुंगा तर रोज तिच्या तोंडासमोर हवेत थांबून घूं घूं करायचा.

"काय पाहून राहिला रे? काल कुठं मेला होता?"

बायको आतून टोमणा मारायची, "बाईचे पाहुणे आले वाटते! चहा ठेवू का?"

"ठेव ना. तुह्या माहेरच्यायपेक्षा कमीच पेतेत."

मग दोघीही हसायच्या. आमच्या घरात बाईचं असं हसणं तेवढंच.

माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मयाल पोकळ होऊन राहिली, असं मी घरात सांगत सुटलो. खरं कारण ते नव्हतं. नवऱ्यानं टाकलेली बहीण छपरीत बसून भुंग्यांशी बोलते, हे पाहुण्यांच्या नजरेस पडू नये, एवढंच होतं. "मावशीले करमत नाही म्हणते, चार दिवस राहून ये," असं म्हणून मी बाईला मावशीच्या गावी, करडीला पोचवलं. संध्याकाळी भुंगे आत शिरल्यावर धानावर फवारायच्या औषधात कापूस भिजवून भोकांत कोंबला, वरून सिमेंट लिंपलं. त्यावर रंगाचा हात फिरवला.

सकाळी पाहुणे आले. आत पंख्याखाली बसले, पोहे खाल्ले, गेले. मयालीकडे कोणी मान वर करून पाहिलंही नाही. ती सोयरीक जुळलीही नाही.

बाईला करडीत करमलं नाही. त्याच दुपारच्या बसनं ती परतली. पिशवी ठेवली, झाडणी घेतली आणि मयालीखाली उभी राहिली.

"भाऊ, भुंगे कुठं गेले?"

"गेले. मंग भोकं बुजवून टाकली."

"असे कसे गेले?"

"आता मले काय सांगून गेले का?"

ती स्टुलावर चढली. मयालीला कान लावला. "आत काही खरडून राहिलं रे."

"वाळवी असन."

तेव्हा आत एक तरी जिवंत होता. सिमेंट अजून कच्चं होतं, ते उकरायला पेचकस समोरच्या कोनाड्यात होता. मी विहिरीवर हात धुवायला गेलो.

बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? तिच्याशी खोटं न बोललेला मी एकटाच उरलो होतो. जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "म्या तं त्यायले कधी हाकललंबी नाही. मंग काहून गेले?"

हा प्रश्न तिनं नवऱ्याबद्दलही कधी असा मोठ्यानं विचारला नव्हता.

यंदा दाराच्या चौकटीपाशी नवा भुंगा आला. तिच्या तोंडासमोर तसाच थांबला. मला वाटलं, आता बोलेल. तिनं झाडणी उचलली. "हट! तूबी जाशीनच."

हल्ली ती छपरीत बसत नाही. आता आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडते आहे.

तिला दोन गोष्टी सांगायचं मी देणं लागतो. भुंगे तिला सोडून गेले नव्हते. आणि करडीला तिला मावशीसाठी पाठवलं नव्हतं.