टोकाची तारीख

शैलाताई मेली.

ग्रुपवर 'दुःखद निधन' असं टाकलंय, ते मी लिहिलेलं नाही. मला सांगितलं होतं लिहायला. मी मोबाईल उलटा ठेवून दिला.

आज दहावा झाला. नदीवर सगळे रडत होते. मला काहीच झालं नाही. नंतर चहा दिला, तो प्यायलो. साखर जास्त होती, एवढंच लक्षात आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ताई म्हणजे घोटावड्याच्या आमच्या वाचनालयाची ग्रंथपाल. डेअरीच्या वरची खोली. स्टाफ दोघांचा, ताई आणि शिपाई बबनमामा.

मी इंजिनिअरिंग मधेच सोडून आलो तेव्हा गावात सगळे 'काय इंजिनिअर' म्हणून हाक मारायचे. त्यावरून एकाचा शर्ट फाटला माझ्या हातून.

दुसऱ्या दिवशी ताईनं वर बोलावलं. म्हटलं आता लेक्चर. पण ती म्हणाली, जिल्ह्याच्या ऑफिसातनं पत्र आलंय, देवघेव सगळी ऑनलाइन करायचीय, आम्हा दोघांना शिकव.

शिकवायचा पेशन्स माझ्यात नाही. ताई एका बोटानं टाइप करायची आणि प्रत्येक अक्षरानंतर माझ्या तोंडाकडे बघायची. मी ओरडायचो.

"आज्या, हळू वरड. हितं लोकं वाचत्यात."

लोकं म्हणजे मामा. पेपर वाचत बसलेले.

पहिल्या ऑनलाइन ट्रेनिंगला ताई इस्त्रीची साडी नेसून आली होती. सर म्हणाले, शंका असेल तर हात वर करा. मामांनी खरोखरचा हात वर केला आणि मीटिंग संपेपर्यंत खाली घेतला नाही. स्क्रीनवर एवढी तोंडं, त्यात सरांना काय दिसणार.

ताईनं विचारलं, मामा, काय विचारायचं होतं?

"इचारायचं न्हवतं. च्या आणू का म्हनत हुतो."

तरी शिकले दोघं. फक्त एका ठिकाणी अडलं.

आमच्याकडे जुनी पद्धत आहे. कुणी आजारी असलं, की मामा सायकलवरून घरी पुस्तक पोचवतात आणि त्याला परत करायची तारीख नसते. बरं वाटलं की आणून द्यायचं. आपण मागायचं नाही.

सिस्टीमला हे मान्य नव्हतं. तारखेचा रकाना रिकामा ठेवला की लाल अक्षरं.

मी म्हटलं, टाक ना कुठलीही.

"आजारी मानसाला तारीख देत्यात व्हय रं?"

मग तिनं कॅलेंडरचा बाण दाबायला घेतला. महिने गेले, वर्षं गेली. कंप्युटर पुढं जाईना तिथं थांबली आणि ती तारीख टाकली. तेव्हापासून सगळ्या आजाऱ्यांना तीच. टोकाची.

एकदा वरून साहेबांचा फोन आला, मॅडम, एका सभासदाची तारीख चुकलीय.

ताई म्हणाली, चुकलेली नाही, त्याला टायफॉईड झालाय.

आता तिच्याबद्दल. ताईच्या नाही. *तिच्या*.

शेजारच्या चांदे गावातून वाचनालयात अभ्यासाला यायची. नाव लिहीत नाही, मित्रांना माहितीय. हिंजवडीत जॉब लागला आणि तिनं नंबर बदलला. मला दिला नाही. वाचनालयाला दिला, पुस्तकाचे मेसेज येतात म्हणून.

मी ताईला म्हटलं, रात्री घरून लॉगिन करतो, बॅकअप घ्यायचाय.

घरी पासवर्ड चालेना. वाटलं साइट हँग आहे. सकाळी गेलो तर ताई टेबल पुसत होती.

"बदललाय."

कुणी?

"मी. तूच शिकवलंस की. उजव्या कोपऱ्यात."

कुणाला न विचारता तिनं ऑनलाइन केलेलं ते पहिलं काम. मी खुर्चीला लाथ मारली. ताईनं ती सरळ करून ठेवली.

"तिनं नंबर वाचनालयाला दिलाय. तुला द्यायचा असता तर तुला दिला असता."

कितीतरी दिवस वर गेलो नाही. मग गेलो. पासवर्ड टाकताना मात्र ताई मला खिडकीकडे बघायला लावायची.

गेल्या महिन्यात ताईला पिरंगुटच्या हॉस्पिटलात ठेवलं. म्हणाली, स्वयंपाकाचं पुस्तक आण, इथली खिचडी खाऊन जीव गेला माझा. नेऊन दिलं.

"एंट्री केलीस?"

पासवर्ड कुठाय माझ्याकडे?

तिनं मला जवळ बोलावलं. मग सांगितला. आता तो चालत नाही म्हणून लिहितोय.

'हळू वरड'. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून.

मी हसलो. तीही हसली, मग खोकली.

"फक्त माझं पान उघड, आज्या."

तारीख काय टाकू?

"टोकाची टाक की."

आज नदीवरून आल्यावर मामांनी ते पुस्तक पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. ताईच्या मुलानं दिलं होतं.

लॉगिन केलं. सभासदांच्या यादीत ताईच्या नावाखाली दोन ओळींवर *तिचं* नाव आहे. क्लिक केलं की नंबर.

नुसता बघत बसलो. मोठेपणा नाही सांगत. बोट गेलंच नाही तिकडे.

ताईचं पान उघडलं. 'जमा' वरही बोट जाईना.

मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आजारपनातलं हाय. आपन मागत न्हाई."

पुस्तक कपाटात ठेवलंय. सिस्टीममध्ये ते ताईकडेच दिसेल. कुणाला हवं असेल तर ऑनलाइन शोधू नका, वर या, मामा काढून देतील.

पासवर्ड आज बदलला. नवा मामांनी टाकला, एका बोटानं. खूप वेळ लागला.

मी खिडकीकडे बघत होतो.

ताई, श्रद्धांजली. हळू आवाजात.