वर्तुळातला क्रूस

माझी मुलगी केतकी दुपारच्या झोपेत गेली. ती आजारी नव्हती. ताप नाही, सर्दी नाही, काही नाही. दूध पिऊन, माझ्या खांद्यावर ढेकर देऊन, पाळण्यात झोपली होती. मी कुकर लावला, तिची दुपटी वाळली का ते पाहिलं, आणि आज बाई फार वेळ झोपली म्हणून तिला उठवायला आत गेले. गालाला हात लावला, आणि त्या क्षणी जे कळलं ते अजूनही मला पूर्ण कळलेलं नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही सिएटलजवळ बॉथेलला राहायचो, यांची नोकरी रेडमंडच्या एका कंपनीत होती. आधी अँब्युलन्स आली, मग पोलीस आले. घरात बाळ गेलं की इकडे पोलीस येतातच, हे मला ठाऊक नव्हतं. एक उंच, तरुण पोलीस टोपी हातात धरून माझ्यासमोर बसला आणि हळू आवाजात विचारत राहिला, तिला कुशीवर झोपवलं होतं की पालथं, शेवटचं दूध कधी दिलं. मी एकेका प्रश्नाचं नीट उत्तर देत होते. मध्येच उठून त्याला चहा हवा का असंही विचारलं. यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती आठवते. मला रडूच येत नव्हतं. अंगातून कुणीतरी माझ्यातली मी काढून नेली होती आणि उरलेली बाई चहा विचारत होती.

डॉक्टरांनी सांगितलं, "काहीही कारण सापडलं नाही. अशी बाळं जातात. यात तुमची काही चूक नाही." तिच्या जाण्याइतकाच मोठा धक्का मला या शब्दांनी बसला. कृष्णाकाठच्या गावात, दत्ताची उपासना असलेल्या घरात मी वाढले. दिवस राहिल्यापासून गुरुवारची आरती चुकवली नव्हती. आपण नेमानं करतोय, तो सांभाळेल, असा माझा साधा हिशेब होता. आणि आता मोठे मोठे डॉक्टर म्हणत होते, कारण नाही. कारण नाही म्हणजे मग कुणी बघत तरी होतं का? हा प्रश्न मी मोठ्यानं कुणाला विचारला नाही, पण त्या दिवसांत देव्हाऱ्यासमोर दिवा लावायला माझा हात उचलला नाही.

अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या फ्युनरल होममधल्या माणसानं पुढचं कसं करायचं ते विचारलं तेव्हा हे चटकन म्हणाले, "क्रिमेशन." दहन, आम्हाला तेवढंच माहीत. पण आमच्या ओळखीच्या सुमनकाकू शेजारी बसल्या होत्या. त्यांनी यांच्या हातावर हात ठेवला.

"नाही रे. इतक्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत. जमिनीत ठेवतात."

"काकू, इथे कुठे ठेवणार?"

"इथल्याच जमिनीत. जमीन काय वेगळी असते?"

मग गावाबाहेरच्या टेकडीवर असलेल्या एका जुन्या सेमेटरीत, म्हणजे दफनभूमीत, उताराच्या खालच्या अंगाला, लहान मुलांसाठी राखलेल्या पट्ट्यात तिची जागा ठरली. मी होकार दिला. मी त्या दिवसांत सगळ्यालाच होकार देत होते.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. या भागातला हिवाळ्यातला पाऊस, ना जोर ना खंड, नुसता भिजवत राहणारा. आम्ही तिघंच होतो, हे, सुमनकाकू आणि मी. पांढरी पेटी यांच्या हातात होती. देवळात नेतात त्या नैवेद्याच्या ताटासारखी त्यांनी ती धरली होती. उतार उतरून आम्ही त्या खड्ड्याजवळ गेलो आणि मी आत पाहिलं.

खड्डा पाण्यानं भरला होता.

गढूळ, तपकिरी पाणी, वर देवदाराच्या काटक्या तरंगत होत्या. तिथला माणूस ओशाळून म्हणाला, "मॅडम, आत्ताच उपसलं होतं. पुन्हा पाझरलं. अजून एकदा उपसतो." त्यानं पंप आणला. पाणी खाली गेलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत बाजूंनी पुन्हा भरायला लागलं.

तेव्हा माझ्या तोंडून किती दिवसांनी पहिला खरा आवाज आला. "नाही," मी ओरडले. "पाण्यात नाही ठेवायची तिला! तिला थंडी वाजते!" मी मराठीत ओरडत होते. मी यांच्या हातातून पेटी ओढून घेतली, छातीशी धरली आणि चिखलात उभी राहिले. सुमनकाकू "बाळा, अगं बाळा" म्हणत राहिल्या. हे रिकामे हात तसेच पुढे धरून उभे होते. आता पुढे काय करायचं ते आमच्यापैकी कुणालाच सुचत नव्हतं. घरी परत न्यायची? कुठे ठेवायची? मी वर आभाळाकडे पाहिलं, पण प्रार्थना म्हणून नाही. विचारायला पाहिलं, अजून काय बाकी आहे?

उताराच्या वरच्या बाजूला एक म्हातारी बाई जुन्या थडग्याजवळची पानं गोळा करत होती. माझं ओरडणं ऐकून ती खाली आली. अंगात हिरवा रेनकोट, पायात रबरी बूट, पांढरे केस कपाळाला चिकटलेले. तिनं आधी खड्ड्याकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग माझ्याकडे. कोण, कुठले, काहीही विचारलं नाही.

"वर चल," ती म्हणाली. "वर कोरडं आहे."

"कुठे?" यांनी विचारलं.

"माझ्याकडे. ती जागा आमच्या घरची आहे. माझा नवरा तिथे आहे, माझं पहिलं बाळही तिथेच आहे. तुमच्या बाळाला सोबत होईल."

मग ती सेमेटरीच्या माणसाकडे वळली आणि ठाम आवाजात म्हणाली, "मालकीण मी आहे, परवानगी मी देते. ऑफिसमध्ये सांग, आणि फावडं आण." तो माणूस धावतच गेला. तिचं नाव नोरा. आयर्लंडमधून लहानपणी आलेली.

वर एक मोठा दगडी क्रूस होता. क्रूस पाहून माझी पावलं थबकली, हे खरं आहे. दत्ताच्या घरातली मुलगी मी, माझं बाळ क्रुसाखाली? पण हा नेहमीचा क्रूस नव्हता. उभ्याआडव्या दगडांच्या मधे एक जाड वर्तुळ होतं, चारही बाहूंना कवेत घेणारं. एखाद्या मूर्तीमागे प्रभावळ असावी तसं. आणि अंगभर कोरीव वेलबुट्टी, एकमेकींत गुंतलेल्या रेघा.

नोरानं मला थांबलेलं पाहिलं. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. तिनं माझा एक हात पेटीवरून हलकेच सोडवला आणि त्या वर्तुळावर ठेवला. दगड ओला, खरखरीत होता.

"हे वर्तुळ शोभेचं नाही," ती म्हणाली. "दगडाचे हात फार जड असतात. आधार नसेल तर मोडून पडतात. हे त्यांना धरून ठेवतं. माझी आजी सांगायची, क्रूस म्हणजे आपल्या वाट्याला आलेलं दुःख. आणि हे वर्तुळ म्हणजे देव. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. तो दुःख काढून घेत नाही गं. मधून धरून ठेवतो."

माझं बोट आपोआप त्या कोरलेल्या रेघेवरून फिरू लागलं. लहानपणी आई अंगणात ज्ञानकमळाची रांगोळी काढायची, एकदा टेकवलेलं बोट न उचलता, रेघ फिरत फिरत परत स्वतःलाच येऊन मिळायची. ही रेघही तशीच होती. एका गाठीतून निघायची, दुसरीच्या खालून जायची, तिसरीच्या वरून यायची. मी तिचं टोक शोधत होते. ते कुठेच नव्हतं. माझं बोट फिरत राहिलं, आणि कधी कुणास ठाऊक, माझ्या आतलं काहीतरी फुटलं. मी गुडघ्यांवर बसले आणि रडले. केतकी गेल्यापासून पहिल्यांदा. नोरा माझ्या पाठीमागे ओल्या गवतात तशीच बसली, दोन्ही हातांनी मला धरून. तिचं ते धरणं मला आजही पाठीवर जाणवतं, इतकं स्पष्ट आठवतं.

वरची माती खरोखर कोरडी होती, मोठ्या झाडाच्या आडोशामुळे असेल. सुमनकाकूंनी रामनाम म्हटलं. नोरानं तिची प्रार्थना म्हटली. यांनी पहिली मूठ माती घातली, दुसरी मी.

घरी आल्यावर सर्वांत मोठी धास्ती सासूबाईंची होती. कडक सोवळ्यातलं माणूस. सांगलीला फोन लागला तेव्हा हे म्हणाले, "आई, जागा मिळाली. पण तिथे क्रूस आहे, त्याच्याच खाली..."

सासूबाईंनी मधेच विचारलं, "ओल नाही ना रे तिथे?"

"नाही आई. कोरडं आहे."

"मग झालं. त्या बाईला माझा नमस्कार सांग."

हे रिसीव्हर हातात धरून भिंतीशी टेकून खाली बसले. मला वाटायचं, मी सासूबाईंना ओळखते. मी कुणालाच ओळखत नव्हते.

त्यानंतर नोरा आमच्या घरची झाली. माझा मुलगा झाला तेव्हा तिनं स्वतः विणलेला स्वेटर आणला, तो तिला आजी म्हणायला शिकला, आणि सेमेटरीत आम्ही बरोबरच जात राहिलो. काही वर्षांनी एका हिवाळ्यात झोपेतच तिनं प्राण सोडला. चर्चमधली प्रार्थना संपल्यावर तिची मुलगी मॉरीन माझ्याजवळ आली. तिच्या हातात छोटा कलश होता. मला आश्चर्य वाटलं. नोराच्या घरात कुणाचं दहन झाल्याचं ऐकलं नव्हतं.

"आईनं दहन करायला सांगितलं होतं," मॉरीन म्हणाली. "पेटीला आता जागा नव्हती ना."

"जागा नव्हती?"

ती क्षणभर गोंधळली. "तुम्हाला ठाऊक नाही? त्या क्रुसाखाली एकच जागा उरली होती. आईची."

मी तिचा हात पकडला. म्हणजे त्या पावसात, एका अनोळखी देशातल्या अनोळखी बाईला, नाव न विचारता, नोरानं स्वतःची जागा दिली होती. नवऱ्याशेजारची, मुलाशेजारची, आयुष्यभर राखलेली. आणि इतकी वर्षं माझ्यासमोर चहा पिताना तिनं त्याचा एक शब्दही काढला नव्हता.

"आम्ही तेव्हा चिडलो होतो तिच्यावर," मॉरीन ओल्या डोळ्यांनी हसली. "ती म्हणाली, मला अजून वेळ आहे, ते बाळ आधी आलंय. आणि शेवटी मला बजावून ठेवलं, बाळाला हलवू नका. मला कडेला थोडीशी जागा करा."

आम्ही तशी जागा केली. माझ्या मुलीच्या कडेला, हात पुरेल इतक्या अंतरावर.

मला चमत्काराबद्दल काही सिद्ध करायचं नाही. माझी केतकी परत आली नाही, आणि ती का गेली हे मला आजही ठाऊक नाही. पूर्वी मी देवाकडे कारण मागत होते. आता मागत नाही. ज्या क्षणी माझ्या हातात काहीही उरलं नव्हतं, त्याच क्षणी हिरवा रेनकोट घातलेलं कुणीतरी उतार उतरून आलं, एवढंच मी जाणते, आणि तेवढ्यावर डोकं टेकते. दत्तापुढे टेकते तेव्हा नोराचे ते ओले हात पाठीवर असतात. मग मी मोडत नाही.